तेरणेत सोडलेलं कार्ड

तेरच्या शाळेतला शिपाई रामहरी देवकते याच्यावर उभ्या जन्मात कुणाचं देणं नव्हतं, आणि हे तो कुणी न विचारता सांगायचा. खोडच होती ती. दुकानात मिठाचा पुडा घ्यायला गेला तरी सुटे पैसे मुठीत घेऊन जायचा. दुकानदार "राहू द्या मामा, उद्या द्या" म्हणाला की हा भडकायचा. "उद्या कशाला? म्या आज उभा हाय न्हवं हितं? आजच घे." शाळेतली पोरं त्याला मामा म्हणायची, म्हणून मास्तरही मामाच म्हणायचे. महिनाअखेरीला एखाद्या मास्तरानं चार पैसे मागितले तर मामा द्यायचा नाही तो नाहीच, वर सगळ्या स्टाफरूमला ऐकू जाईल असं बोलायचा, "सर, पगार तुमचा माझ्या तिप्पट, आन् उसनं माझ्यापशी? कमाल हाय बुवा." पतसंस्थेच्या कर्जाला जामीन म्हणून कुणी सही मागायला आलं, की "दुसऱ्याच्या कर्जावर सही करणारा मूर्ख" म्हणत पेन खिशात घालून घंटा वाजवायला निघून जायचा. माणूस वाईट नव्हता हो. कुणाचं वाईट चिंतत नव्हता, कामाला चुकत नव्हता. पण तोंड असलं, की बोललेलं समोरच्याच्या काळजात रुतून बसायचं, आणि ते याला कधी कळलंच नाही.

यात त्याच्या बापाचाही वाटा होता. बाप मेंढरं राखायचा. आज या शिवारात, उद्या त्या शिवारात. पाल पडलं तिथं घर. असल्या माणसाला उधार देणार कोण? उद्या हा कुठल्या माळावर असेल याचा भरवसा कुणाला? रामहरी लहानपणी बापाचं धोतर धरून दुकानाच्या पायरीशी उभा असायचा. बाकीच्या गिऱ्हाइकांना माल आधी मिळायचा, पैसे मागाहून. याच्या बापाचे पैसे मात्र दुकानदार आधी हातात घ्यायचा आणि मगच गूळ बांधायचा. ते त्या पोराला फार लागलं होतं. पुढं नोकरी लागली, तेरला दोन खोल्या झाल्या, तेव्हा त्यानं त्या अपमानाचाच ताठा करून टाकला. आमाला कुणी उधार देत न्हाय ना, मग आमालाबी नको.

घरात बायको दैवशाला आणि एकुलती एक लेक सृष्टी. पोरगी अभ्यासात हुशार निघाली. बारावी सायन्स करून नर्स व्हायचं, हे तिनं आठवीतच ठरवलं होतं, आणि रामहरीनं त्याच्या आधी. त्याचं कारण होतं. त्याची थोरली बहीण गजराबाई बेंबळीला दिलेली. घर खातंपितं, बागायती शेत, दारात जेसीबी. तिचा एकुलता पोरगा बालाजी. आपल्याकडं मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क पहिला. सृष्टी पाळण्यात होती तेव्हाच गजराबाई सगळ्यांदेखत म्हणाली होती, "ही माझी सून." तेव्हा सगळे हसले होते. पण आता बालाजी तिशीला आला होता. दहावीला नापास होऊन जेसीबीवर बसला होता. राग नाकाच्या शेंड्यावर. एकदा चहा गार झाला म्हणून कप आईच्याच अंगावर फेकला होता. रानात राबणाऱ्या पोरांना आजकाल पोरी मिळत नाहीत, त्यात हा असला. गजराबाईनं लातूरपासून सोलापूरपर्यंत पोरी बघितल्या आणि प्रत्येक ठिकाणाहून तोंडात मारल्यागत परत आली. मग ती दर पंचमीला भावाकडं यायची, सृष्टीच्या केसातून हात फिरवायची आणि विचारायची, "मग काय म्हणतीय माझी ल्येक?"

रामहरी म्हणायचा, "शिकू दे की अक्का. नर्स झाली की बघू." आणि मनात म्हणायचा, मेलो तरी द्यायची न्हाय. पोरगी शिकत होती तोवर कुणी जबरदस्ती करू शकत नव्हतं. शिक्षण थांबलं, की भावकी दारात बसणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

आता त्या कार्डाचं. चार-पाच वर्षं झाली असतील. दसरा झाल्यावर एका खासगी बँकेचा टाय घातलेला पोरगा शाळेत आला आणि सगळ्या स्टाफला क्रेडिट कार्ड देत सुटला. मुख्याध्यापकांनी घेतलं, कारकून शरणप्पानं घेतलं. रामहरी चहाचे कप गोळा करत होता. त्या पोरानं त्याचा हात धरून त्याला खुर्चीत बसवलं. म्हणाला, "सर, तुमचं रेकॉर्ड एकदम स्वच्छ आहे. कुठं एक रुपया बाकी नाही. कार्ड म्हणजे काय, तर बँकेचा तुमच्यावर विश्वास. वापरा नाहीतर नका वापरू."

"फुकट हाय?"

"पहिल्या वर्षी एक पैसाही नाही सर."

पहिल्या वर्षी, हा शब्द रामहरीच्या कानाला शिवलासुद्धा नाही. तो अजून 'सर' वरच अडकला होता. जन्मात त्याला कुणी सर म्हटलं नव्हतं, आणि त्याच्या बापावर कुणी अडीच रुपयाचा विश्वास टाकला नव्हता. त्यानं सही केली, अंगठा दिला, फोटो काढू दिला, विचारलं ते सगळं सांगितलं.

कार्ड कुरियरनं आलं ते ऐन दिवाळीत. सोनेरी रंगाचं, त्यावर रामहरीचं नाव इंग्रजीत उमटवलेलं. सृष्टीनं ते वाचून दाखवलं तेव्हा त्याला भरून आलं. म्हणाला, "वापरायचं न्हाय आपल्याला. बँकेनं दिलं, तेवढं बास." दैवशालानं ते हातातून घेतलं आणि सरळ देव्हाऱ्यात ठेवलं. लक्ष्मीपूजनाला पासबुक, केरसुणी आणि कार्ड अशी पूजा मांडली, कार्डाला हळदीचं बोट लावलं, लाह्या-बत्ताशे वाहिले. आणि ते कार्ड देवांच्या ओळीत बसून राहिलं. दुकानात कधी गेलं नाही, मशीनमध्ये कधी शिरलं नाही.

शरणप्पा शहाणा. तो अधूनमधून कार्डावर पेट्रोल भरायचा, पोराची पुस्तकं घ्यायचा, आणि बिल आलं की भरून टाकायचा. रामहरीला म्हणायचा, "मामा, वापरा हो थोडं थोडं. नुसतं ठेवलं तर फी लावत्यात म्हणं."

"न खाता बिल? असं कुठं अस्तंय व्हय?" रामहरी हसायचा. "तुमी कर्ज काढून पेट्रोल घाला. आमची सायकल बरी हाय."

वर्ष उलटलं आणि फोन सुरू झाले. आधी एक पोरगी गोड आवाजात बोलायची. सर, आपली वार्षिक फी बाकी आहे. किती, तर दोन गावरान कोंबड्या येतील इतकी. रामहरीच्या खिशात त्या वेळी तेवढे पैसे होते. भरले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण हा रामहरी!

"म्या वापरलंच न्हाय, तर पैसे कशाचे?"

"सर, वापरलं नाही म्हणूनच. वर्षाला ठरावीक खर्च केला असता तर फी माफ होती."

"म्हंजी कर्ज केलं असतं तर माफ, आन् केलं न्हाय म्हणून दंड?"

"सर, तसं नाही—"

"तसंच हाय! माझ्या बापानं कुणाचा पैसा बुडवला न्हाय, म्या बुडवला न्हाय. एक दमडी देणार न्हाय, जा."

त्याला वाटलं आपण जिंकलो. दिवसभर शाळेत तो हेच सांगत फिरला, आणि लोक हो हो म्हणाले, कारण मामाशी वाद कोण घालणार? पण फोन थांबले नाहीत. त्या फीवर उशिराचा दंड चढला, दंडावर व्याज, व्याजावर कर. शेवटी एक दिवस फोनवरची पोरगी कंटाळून म्हणाली, "सर, तुम्हाला कार्ड नको असेल तर थकलेली फी भरा, बंद करायचा अर्ज नोंदवा आणि मग कार्ड कात्रीनं कापून टाका."

यातलं शेवटचं तेवढं रामहरीनं धरलं. तो घरी आला आणि दैवशालाकडं कात्री मागितली.

दैवशालानं कपाळावर हात मारला. "अवं, डोकं ठिकाणावर हाय का? लक्ष्मीला कातर लावता? पूजा केलीय तिची तीन-तीन दिवाळ्या!"

खरंच होतं ते. देवाचा जुना फोटो, झिजलेला टाक, फाटकी पोथी आपण कापत नाही, उकिरड्यावरही टाकत नाही. पाण्यात सोडतो. रामहरीलाही पटलं. पाऊसकाळ नुकता सरला होता, तेरणेला पाणी होतं. नवरा-बायको दोघं नदीवर गेले. दैवशालानं कार्डावर झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले, आणि रामहरीनं ते धारेत सोडलं. सोनेरी तुकडा एकदा चमकला आणि तळाला गेला. रामहरीनं मोकळा श्वास घेतला. त्याच्या हिशेबानं हा विषय आता मिटला होता.

मिटतोय कसला? फोन आलाच. रामहरी म्हणाला, "कार्ड न्हाय आता माझ्यापशी. सोडलं पाण्यात." पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग एकदा तो स्वतः धाराशिवला त्या बँकेत गेला. तिथल्या माणसानं मानसुद्धा वर केली नाही. कार्डाचं काम इथं होत नाही, या नंबरवर फोन करा, म्हणाला. त्या नंबरवर मशीन बोलायचं. मशीन म्हणायचं, आपल्या कार्डाचा नंबर दाबा. नंबर तेरणेच्या तळाशी. रामहरी गप्प बसायचा, मशीन पुन्हा तेच म्हणायचं, आणि थोड्या वेळानं धन्यवाद म्हणून फोन ठेवायचं. माणूस असतं तर भांडला असता. मशीनपुढं त्याचं तोंड चाललं नाही. पत्र लिहा, ओळखपत्र जोडा, असं शरणप्पानं सुचवलं होतं. पण आपण कार्ड नदीत सोडलं हे शरणप्पाला सांगायची याला लाज वाटली. त्यानं सोपं केलं. सिमकार्ड काढून फेकलं आणि नवा नंबर घेतला.

फोन बंद झाले. घरात एवढी शांतता पसरली की दैवशाला म्हणाली, "बघा, पाण्यात सोडल्यालं लागलं का न्हाय?"

मधे एकदा, शाळेला सुट्टी असताना, मोटारसायकलवरून दोन माणसं फाटकापाशी येऊन देवकते कुठं राहतात असं विचारून गेली. शेजारच्या टपरीवाल्यानं सांगितलं तेव्हा रामहरीला वाटलं, कुणाच्या तरी ॲडमिशनचं काम असेल. त्यानं त्यावर दुसऱ्यांदा विचारही केला नाही.

सृष्टीनं सीईटी दिली आणि यादीत नंबर लागला. लातूरचं कॉलेज. त्या दिवशी रामहरीनं शाळेत पेढे वाटले, रोख पैसे देऊन. हॉस्टेलपुरते पैसे त्यानं पोस्टात साठवले होते. कॉलेजच्या फीसाठी मात्र शिक्षणकर्ज काढायचं ठरलं. जन्मातलं पहिलं कर्ज. त्यासाठी तो आठवडाभर स्वतःशी झगडला, मग म्हणाला, "पोरीसाठी घ्यायचं. फेडून टाकू." कॉलेजनं पैसे भरायला पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली होती. नाही भरले तर जागा दुसऱ्याला.

धाराशिवच्या सरकारी बँकेत शिवरंजनी नावाच्या मॅडम कर्जाचं बघायच्या. बोलायला गोड, कागद बघून खूश झाल्या. सृष्टीचे मार्क बघून म्हणाल्या, "छान. वडील सहकर्जदार लागतील, एवढंच." त्यांनी रामहरीचं नाव कॉम्प्युटरमध्ये घातलं. आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी एकदा स्क्रीनकडं बघितलं, एकदा रामहरीकडं.

"काका, तुम्ही क्रेडिट कार्डाचे पैसे बुडवलेत?"

सृष्टी शेजारच्या खुर्चीत बसली होती. रामहरीच्या कानात घणघणलं. "मॅडम, म्या ते वापरलंच न्हाय. एकदाबी न्हाय. देवापुढं ठिवलं हुतं."

"असेल. पण इथं थकबाकीदार म्हणून नाव आलंय. सिबिल पार खाली गेलंय. असं असताना कर्ज मंजूर होत नाही, माझ्या हातात नाही ते." त्या थोडं थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही कधी कार्डच घेतलं नसतं, तरी चाललं असतं काका."

बाहेर आल्यावर सृष्टीनं बापाच्या हातातली पिशवी घेतली. रामहरीला वाटलं तिनं ओरडावं, काहीतरी बोलावं. ती एसटी स्टँडपर्यंत नुसती चालत राहिली.

आता मात्र त्याला शरणप्पाला सगळं सांगावं लागलं. नदीत सोडल्याचंही. शरणप्पा हसला नाही, उलट घाबरला. त्यानं फोनाफोनी करून शोध लावला, की बँकेनं ती बाकी कुठल्याशा वसुलीच्या कंपनीला विकून टाकली होती. दोन कोंबड्यांच्या चार शेळ्या झाल्या होत्या. फोनवरचा माणूस म्हणाला, आज भरत असाल तर सूट देतो, प्रकरण इथंच मिटवू. सूट म्हटल्यावर रामहरीला जरा बरं वाटलं; निदान एकजण तरी माणसागत बोलला. शरणप्पा म्हणाला, "मामा, मॅडमला विचारून मग भरू का?" पण रामहरीला दम कुठला? पोस्टातले हॉस्टेलचे पैसे मोडले आणि शरणप्पाच्या फोनवरून भरून टाकले. पावती आली. ती घेऊन दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तो धाराशिवला गेला.

शिवरंजनी मॅडमनी पावती वाचली आणि डोळे मिटले. "काका, हे तडजोड करून मिटवलंय. म्हणजे पूर्ण पैसे भरले नाहीत असंच दिसणार. पूर्ण भरायला हवे होते. आणि भरले असते, तरी नोंद बदलायला महिना-दीड महिना जातोच."

"सोमवार हाय मॅडम मुदत."

"मला माहितीय काका," असं म्हणून त्यांनी फाईल परत केली. कर्ज नाही, आणि आता हॉस्टेलचे पैसेही नाहीत. आगीतून फुफाट्यात!

मग रामहरी त्या दारांवर गेला, ज्या दारांवर तो कधी गेला नव्हता. पतसंस्थेत कर्ज मिळत होतं, पण दोन जामीनदार हवे होते. शरणप्पानं लगेच सही केली. दुसरी सही कुणाची? स्टाफरूममध्ये रामहरी कागद घेऊन उभा राहिला. एका सरांना वर्गावर जायचं होतं. एकाची सही आधीच दुसरीकडं होती. तिसरे, ज्यांचा पगार त्यानं चारचौघांत काढला होता, ते चष्मा पुसत म्हणाले, "मामा, तुम्हीच म्हणायचात ना, दुसऱ्याच्या कर्जावर सही करणारा मूर्ख?" कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दैवशालानं गळ्यातलं डोरलं काढून दिलं, पण ते पूर्वीच हलकं करून घेतलेलं. त्यात एका सेमिस्टरची पुस्तकं आली असती.

गुरुवार गेला. शुक्रवारी सकाळी दैवशाला भाकरी थापता थापता, तव्याकडंच बघत म्हणाली, "बेंबळीला जाऊन येता का?"

रामहरीनं टोपी घातली.

गजराबाईनं भावाला बघून आश्चर्य दाखवलं नाही, हे त्याला दारातच खटकलं. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला, जेवायला थांब म्हणाली. त्यानं अडखळत सुरुवात केली, की पोरीची फी भरायचीय, बँकेत जरा घोळ झालाय. ती म्हणाली, "कार्डाचा न्हवं?"

रामहरीनं कप खाली ठेवला. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? कार्ड घेताना वळखीचा म्हणून माझाच नंबर दिलतास न्हवं? तुझा फोन बंद झाल्यापस्नं मलाच फोन यायलेत. रामहरी देवकते कुठं हायत, पैसे कधी भरणार. लई वंगाळ बोलायचे मुडदे."

"दोन वर्सं? आन् तू एका शब्दानं बोलली न्हाईस अक्का?"

"भावाची लाज कशाला काढू?" गजराबाई म्हणाली आणि पदरानं कपबशी पुसायला लागली. "म्या म्हणलं, येळ आली की येईलच माझा भाऊ. जाणार कुठं?"

पंचमीला येऊन ती सृष्टीच्या केसातून हात फिरवत होती, तेव्हाही हिला हे ठाऊक होतं. एक शब्द सांगितला असता तर त्यानं तेव्हाच भरून टाकलं असतं. उठून निघून जावं असं त्याला वाटलं. बाहेर अंगणात बालाजी जेसीबी धूत होता. पाण्याचा पाइप सोडून तो दारात आला, मामाच्या पाया पडला, आणि परत जेसीबीकडं गेला. रामहरी उठला नाही. सोमवार त्याच्या मानेवर बसला होता.

"दीन की," गजराबाई म्हणाली. "सगळी फी दीन, हॉस्टेलचेबी दीन. तू नेऊ नगंस, एसटीत चोर असत्यात. रविवारी म्या सवताच घिऊन येते."

घरी येऊन त्यानं सांगितलं, हातउसने मिळाले. सृष्टीनं त्याच्याकडं टक लावून बघितलं. "आत्या नुसतेच देणार पप्पा?"

"लिहून दीन मी. व्याजासकट. पगारातून कापून देत जाईन. कर्ज म्हंजी कर्ज. तू तुझी बॅग भर." आणि तो खरंच धाराशिवला जाऊन स्टँप पेपर घेऊन आला. शरणप्पाकडून सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं, की मी रामहरी अमुक इतकी रक्कम गजराबाईकडून व्याजानं घेतली, आणि खाली सही केली. जन्मभर ज्या कागदाला तो भ्याला, तो कागद आता त्यानं छातीशी धरून आणला. एवढा कागद बहिणीनं घेतला, की सृष्टी सुटली, असं त्याचं गणित होतं.

रविवारी दारात जीप थांबली. गजराबाई उतरली ती नवीन इरकल नेसून. मागून बेंबळीच्या भावकीतली चार माणसं उतरली, टोप्या-उपरण्यातली. पैसे द्यायला एवढी माणसं कशाला, असं दैवशालानं नवऱ्याकडं बघून डोळ्यांनीच विचारलं. बालाजी जीपमध्येच बसून राहिला, काच खाली करून. माणसं सतरंजीवर टेकली. पाणी झालं. गजराबाईनं कापडी पिशवी काढली आणि रामहरीच्या मांडीवर ठेवली.

"मोजून घी."

रामहरीनं पिशवी उघडली नाही. त्यानं खिशातून कागद काढला आणि दोन्ही हातांनी पुढं केला. "अक्का, हे घी. सगळं लिवलंय. सही केलीय."

"कशाचा कागद?"

"कर्जाचा."

गजराबाई हसली, आणि बरोबरच्या माणसांकडं बघून म्हणाली, "बघितलं का भाऊजी? खुळं हाय माझं भावडं. अरं, कर्ज परक्याला देत्यात. म्या माझ्या सुनंच्या शिक्षणाला पैसा घालायलेय. त्याचा कागद कसला करतूस?"

"तसं न्हवं अक्का. शिकल्यावर बघू असं आपलं—"

"शिकू दे की! कोण नगं म्हणतंय? चार वर्सं शिकू दे, म्या शिकवते. आज नुसतं कुंकू लावून ठिवते. लगीन मागनं."

जन्मभर ज्यानं कुणाचा पैसा घेतला नव्हता, तो माणूस सतरंजीवर पुढं सरकला आणि थोरल्या बहिणीच्या पायाला हात लावून म्हणाला, "अक्का, पाया पडतो. लिहून घी. व्याज लाव, तू म्हणशील तेवढं लाव. मला कर्जदार कर, पण हे नगं करू."

चार माणसांपैकी थोरल्यानं खाकरून मान फिरवली. गजराबाईनं तो कागद घेतला, वाचला नाही, घडी करून परत त्याच्या खिशात घातला. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. "माझं पोरगं तिशीला आलंय रामा," ती म्हणाली. "मला कोण दारात उभं करीना. तू तरी माझं बघ." मग डोळे पुसून तिनं पिशवीकडं बोट दाखवलं. "नसंल पटत तर दी परत. माझी काय जबरदस्ती न्हाय. उद्या सोमवार हाय म्हणं."

आतल्या खोलीच्या दारात सृष्टी उभी होती. तिची भरलेली बॅग तिच्या मागं दिसत होती. गजराबाईनं करंडा काढला, पाट मांडला आणि हाक मारली, "ये गं बाळा. बस हितं."

सृष्टी बापाकडं बघत राहिली. "पप्पा?"

एवढंच म्हणाली ती. रामहरीला कळत होतं, की आपण नुसतं 'न्हाय' म्हणायचं, पिशवी उचलून बहिणीच्या पुढ्यात ठेवायची, आणि उद्याचा सोमवार जाऊ द्यायचा. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. पण गावाला ऐकू जाईल असं बोलणाऱ्या त्या माणसाच्या तोंडातून शब्द आला नाही. त्याच्या दोन्ही हातांची बोटं पिशवीच्या बंदात गुंतली होती, आणि ती त्यानं सोडवली नाहीत.

सृष्टीनं ते बघितलं. मग ती पुढं आली आणि पाटावर बसली.